तो झूल घातलेला माणूस कोण? असं करिअर असतं का?

घोडबंदरकर: चार्ल्स राजा झाल्याची घोषणा २०२२ ला बाल्कनीतून वाचली ना, तो लाल-सोनेरी झूलवाला. लेकीला इतिहासात एमए करायचंय, व्हिडिओ बघून म्हणते बाबा मला हेच काम पाहिजे 😅

नेरुळवाला: तो गार्टर किंग ऑफ आर्म्स, म्हणजे लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सचा प्रमुख. कॉलेज नावालाच, घराण्यांची चिन्हं आणि वंशावळी सांभाळणारी संस्था ती, १४८४ पासून चालू. माणसं फक्त १३. खाली ४ पर्सिव्हंट, मग ६ हेराल्ड आणि वर ३ किंग (राजे नव्हेत, पदाचं नाव), वरची जागा रिकामी झाल्याशिवाय बढती विसरा. सरकारी पगार ऐकून हसाल, गार्टरला वर्षाला ४९ पौंड आणि पर्सिव्हंटला १४ पण नाहीत, खरी कमाई लोकांच्या वंशावळी शोधून आणि घराण्यांची चिन्हं बनवून, म्हणजे जवळजवळ वकिलासारखी स्वतःची प्रॅक्टिसच.

घोडबंदरकर: वर्षाला ४९?? साडेपाच हजार रुपये?? आमचा सोसायटी मेंटेनन्स महिन्याला जास्त आहे!

कोपरीची काकू: अहो लंडन कशाला, त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे घेऊन जा तिला. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की बरोबर ती वंशावळीची लांबट वही काढतात, आमच्या आजेसासऱ्यांची सही निघाली त्यात. जुनी पानं मोडीत असतात, आम्हाला ओ की ठो कळलं नाही, तेव्हा आधी मोडीचा क्लास लावा, राजाचं नंतर बघू.