मदत हवी आहे: वळचणीत खारीचे घरटे, फट केव्हा बुजवावी?

घराच्या वळचणीतील साधारण दोन इंच रुंद फटीतून आत शिरून खारीने कापूस आणि काथ्याचे घरटे केले आहे. फटीवर लावलेली प्लास्टिकची जाळी तिने दोन दिवसांत कुरतडली (खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्याने हे होणारच होते), तर कुंड्यांवर फवारलेले मिरचीचे पाणी पहिल्याच पावसात धुऊन गेले. आता 12 मिलिमीटर छिद्रांची लोखंडी जाळी आणून ठेवली आहे. मात्र आतून पिलांचा बारीक आवाज येत असल्याने ती लावण्याचे धाडस होत नाही. विष किंवा पिंजरा वापरायचा नाही. पिले बाहेर पडली हे खात्रीने कसे ओळखावे, आणि तोपर्यंत तेथील विजेच्या तारा कशा वाचवाव्यात?