मदत हवी आहे: रावेरहून जळगावला जाईपर्यंत सॅम्पलमधली शुगर कुठे जाते?

राम राम मंडळी. रावेर तालुक्यातल्या एका खेड्यात माझं कलेक्शन सेंटर आहे. डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा) झालंय, तपासणीचं मशीन मात्र नाही. सकाळी सातपासून रक्त काढतो, डबा एसटीने जळगावला. लॅबमध्ये तो उघडेपर्यंत बारा वाजतात.

उन्हाळा लागल्यापासून गोंधळ चाललाय. केळीवाले एक आप्पा, जुना मधुमेह. उपाशीपोटी ग्लुकोमीटरवर 142, त्याच वेळी काढलेल्या सॅम्पलचा रिपोर्ट 104! आप्पा खुश. "मनी शुगर गयी का काय?" म्हणत गोळी अर्धी केली त्यांनी.

मग मी शहाणपणा केला, डब्यात आईसपॅक ठेवले. शुगर जरा सुधारली, पण दोघा-तिघांचं पोटॅशियम 6 च्या वर, म्हणजे धोक्याइतकं जास्त. डॉक्टरांनी मला झापलं. सगळं लाल ट्यूबमध्येच (जिच्यात रक्त गोठतं ती) घेतो. चुकतंय कुठे?

---

भाऊ, रक्त नळीत गेलं तरी पेशी जिवंत असतात, त्या ग्लुकोज खातच राहतात. साध्या तापमानाला तासाला 5 ते 7 टक्के, आपल्याकडच्या उन्हात जास्तच. पाच तासांचा हिशोब मांडा, आप्पांचे 104 तिथेच सापडतील. ग्लुकोज खाऊन पेशी जे लॅक्टेट सोडतात, तेही तेवढ्यात वाढलेलं असतं.

शुगरला ग्रे ट्यूब घ्या (तिच्यात पेशींचं ग्लुकोज खाणं थांबवणारं फ्लोराइड असतं), आठ-दहा वेळा हळू उलटीपालटी करा. पण तिच्यावरही फार विसंबू नका. त्यातलं फ्लोराइड पूर्ण लागू पडायला तास-दोन तास घेतं, तोवर थोडी शुगर जातेच. म्हणून ती नळी लगेच बर्फात. तिच्यात रक्त गोठू न देणारं पोटॅशियम ऑक्झलेट असतं, ते लाल नळीत गेलं तर पोटॅशियम खोटंच वाढतं; तेव्हा लाल आधी भरा, ग्रे शेवटी.

लाल नळी मात्र सेंट्रीफ्यूजमध्ये (नळी गरगर फिरवून पेशी खाली बसवणारं यंत्र) फिरवल्याशिवाय गार करू नका. थंडीत पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो, आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. तुमचे 6 बहुतेक तिथूनच आले. अर्धा तास गोठू द्या, सेंट्रीफ्यूज करा, वर आलेलं पिवळसर पाणी म्हणजे सीरम वेगळं काढा, मग खुशाल आईसपॅक लावा. छोटं सेंट्रीफ्यूज घ्याच. एसटीच्या हादऱ्यांनी पेशी फुटतात ते वेगळंच.

---

ग्रे ट्यूबचा खोका कपाटातच पडून होता, महाग म्हणून वापरत नव्हतो. आता आप्पांकडेच निघालोय. गोळी पहिल्यासारखी पूर्ण घ्या आणि डॉक्टरांना भेटा, एवढं सांगून येतो.