जंगलातील वृक्षांची ओळखपुस्तिका : मांडणी कशी करावी?

प्रश्न

सिंधुदुर्गात आंबोली घाटाच्या पायथ्याशी असलेल्या जंगलातील सुमारे साठ वृक्षांची, खिशात मावेल अशी ओळखपुस्तिका आम्ही काही मित्र तयार करीत आहोत. पहिला कच्चा आराखडा फुलांच्या रंगांनुसार केला होता. परंतु गेल्या नोव्हेंबरात तो घेऊन जंगलात गेलो, तेव्हा बहुतेक झाडांवर फूल नव्हते आणि ज्यांवर होते ते दुर्बिणीशिवाय दिसणार नाही इतक्या उंचीवर होते. पुस्तिका विद्यार्थी व वनरक्षक वापरणार आहेत. मांडणीला कोणता आधार घ्यावा?

प्रतिसाद १

पानापासून सुरुवात करावी. फुलोरा काही आठवड्यांचा असतो, सदाहरित झाडाचे पान मात्र बाराही महिने सापडते. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, साधी आहेत की संयुक्त (म्हणजे एका देठावर अनेक पर्णिका असलेली), आणि देठ मोडल्यावर चीक येतो की नाही, एवढ्या तीन प्रश्नांनीच साठ झाडांचे लहान गट पडतात. सातवीण लगेच वेगळी होते, कारण तिची पाने एकाच पेऱ्यावर चक्रासारखी येतात आणि चीक पांढरा असतो. खरी अडचण जांभूळ आणि अंजनी यांसारख्या जोड्यांची आहे. दोघांचीही पाने साधी, समोरासमोर आणि अखंड कडेची. अशा वेळी पान उजेडासमोर धरावे : जांभळाच्या पानात बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, बाजूच्या शिरा कडेलगतच्या एका शिरेला जाऊन मिळतात आणि पान चुरगाळले की वास येतो. अंजनीच्या जाडसर पानात बाजूच्या शिरा जवळजवळ दिसतच नाहीत. अशा जोड्या पुस्तिकेच्या समोरासमोरच्या पृष्ठांवर छापाव्यात. माझ्या मते पुस्तिकेचा खरा उपयोग तिथेच आहे.

प्रतिसाद २

वरील मांडणी योग्य आहे, मात्र ऐन, किंजळ आणि नाणा ही झाडे उन्हाळ्यात निष्पर्ण होतात, म्हणून सालीचा स्वतंत्र विभाग हवाच. ऐनाची काळपट साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली असते, तर नाण्याची साल फिकट, गुळगुळीत आणि पातळ पापुद्र्यांनी सुटणारी. साल पाहण्यासाठी कोयता मात्र चालवू नये, देवराईत तर मुळीच नाही. बिब्याचा चीक अंगावर उठतो, त्यामुळे 'देठ मोडून पाहा' या सूचनेच्या शेजारीच तो इशारा ठळक अक्षरांत द्यावा.

प्रतिसाद ३

स्थानिक नावे गावकऱ्यांना विचारूनच घ्यावीत, पण एकट्या नावावर विसंबू नये. सह्याद्रीत 'अंजन' म्हटले की निळ्या फुलांची अंजनी समजतात, आणि खानदेशात त्याच नावाने कोरड्या डोंगरांवरचा, जोडपानांचा अगदी निराळा वृक्ष ओळखतात. म्हणून प्रत्येक नोंदीत शास्त्रीय नाव द्यावे आणि शंका असलेले नमुने पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या केंद्रातील संग्रहाशी ताडून घ्यावेत. रोपांची छायाचित्रेही घ्यावीत. फणसाच्या कोवळ्या रोपाची पाने कातरलेली असतात आणि मोठ्या झाडाची अखंड, त्यामुळे खालचे रोप वरच्याच झाडाचे आहे हे नवख्याला पटत नाही.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. रंगांचा आराखडा बाजूला ठेवून पुढच्या फेरीत प्रत्येक झाडाच्या पानाची वरची बाजू, खालची बाजू, देठाचा सांधा आणि छातीच्या उंचीवरील साल अशी चार छायाचित्रे मोजपट्टीसह घेणार आहोत. जांभूळ-अंजनीची जोडी सर्वप्रथम तयार करतो.