तीन गिनी पिग, एकच दादागिरी करणारी, जेवण सारखं कसं वाटायचं?

माझ्याकडे तीन माद्या आहेत, ढब्बी, काळी आणि चिंगी. दीड वर्ष एकाच पिंजऱ्यात आहेत, तशी मारामारी नाही, पण भाजीचा वाडगा ठेवला रे ठेवला की ढब्बी चक्क त्यात बसते. काळी तिच्या पोटाखालून तोंड घालून चोरते, चिंगी मात्र पिंजऱ्यातल्या लपायच्या घरात जाऊन बसते आणि सगळं संपल्यावर बाहेर येते. ढब्बी तिच्या तोंडातली कोथिंबीरही ओढून नेते!! चिंगीचं वजन तीन आठवड्यांपूर्वी ७८० ग्रॅम होतं, आज ७४० भरलं. तिघींना वेगवेगळं बसवून खायला घालू का, का असंच चालतं?

गवतवाली
तोंडातलं ओढून नेणं वगैरे त्यांच्यात चालतंच, कोण वरचढ हे त्या असंच ठरवतात, रक्त येत नाही तोवर मी मध्ये पडत नाही. पण वाडगा आधी काढून टाक. एक वाडगा म्हणजे एक मालकीण. भाजी बारीक चिरून सगळ्या पिंजऱ्यात विखरून टाक, थोडी गवतात लपव, मग ढब्बी एका कोपऱ्यात खात असताना बाकीचे कोपरे आपोआप मोकळे राहतात. पाण्याच्या बाटल्याही दोन लाव, लांब लांब. आणि चिंगीचं घर एकाच दाराचं असेल तर बदल, ढब्बी दारात बसली की ती आत अडकते, दोन दारांचं हवं.

चारपिगांचाबाप
सहमत, पण सगळे भाजीवरच बोलतात, खरं जेवण म्हणजे सुकं गवत, टिमोथी वगैरे, ते चोवीस तास समोर पाहिजे आणि दोन-तीन ठिकाणी पाहिजे. गवत भरपूर असलं की पोट रिकामं राहत नाही, दातही झिजतात (यांचे दात जन्मभर वाढतात). मोजून द्यायच्या त्या फक्त पेलेट (कोरड्या खाद्याच्या गोळ्या), मोठ्या पिगला दिवसाला साधारण दोन टेबलस्पून, आणि हावरी असते तिला त्याच जास्त मिळतात. मी पेलेट देताना दहा मिनिटं मध्ये जाळी लावतो, एकमेकींना दिसतात, वास येतो, संपलं की जाळी काढायची. दिवसभर वेगळं ठेवू नको, त्यांना सोबत लागते, आणि बरेच दिवस वेगळ्या राहिल्या तर परत जुळवताना नवीन भांडण.

व्हिटॅमिन सी त्यांच्या शरीरात तयार होत नाही त्यामुळे सिमला मिरचीचा तुकडा चिंगीला मांडीवर घेऊन हातानेच दे. पाण्यात थेंब टाकायच्या भानगडीत पडू नको, ते टिकत नाही आणि कोणी किती प्यायलं कळत पण नाही.

गवतवाली
हो जाळी बेस्ट. माझी एक जाळीपलीकडून ओरडायची तो आवाज वेगळाच 😄

काटाघेऊनबसलेली
जरा थांबा, दादागिरीमुळेच वजन उतरलं हे कशावरून? चाळीस ग्रॅम म्हणजे पोट भरलेलं असताना आणि रिकामं असताना थोडाफार फरक पडतोच, त्यामुळे रोज एकाच वेळी, खाण्याआधी, किचनच्या वजनकाट्यावर करा. मला दुसरीच शंका आहे. चिंगी एकटी असताना गवत नीट चावते का बघा. हावरेपणाने येते पण तोंडातून टाकते, हनुवटी ओली असते, मऊच तेवढं खाते, असं असेल तर दातांचं दुखणं आहे, ढब्बीला उगाच बदनाम करताय. माझ्या एका पिगच्या बाबतीत मी महिनाभर दुसरीलाच दोष दिला होता आणि निघाली दाढ. वजन उतरतच राहिलं तर हे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या, आणि खाणं पूर्ण बंद झालं, लेंड्या कमी झाल्या तर त्याच दिवशी, उद्यावर नको, यांचं आतडं थांबलं की फार पटकन बिघडतं.

मूळ प्रश्नकर्ती
थँक्यू सगळ्यांना. आत्ता पाहिलं, एकटी असताना गवत करकर चावते, हनुवटी कोरडी, लेंड्या नेहमीसारख्या. वाडगा काढला, भाजी विखरली तर ढब्बी पाच मिनिटं वाडग्याच्या जागेवरच बसून होती. चिंगीने तोवर तीन तुकडे पळवले. रोज वजन करून आठवड्याने आकडे टाकते, काट्यावर ती स्थिर बसेल तर.