शहरात चर्चचं काम संपलं का?

सरळ_रेघ:
कुणाच्या श्रद्धेला धक्का लावायचा नाही, पण एकदा स्पष्ट बोलू या. शाळा, दवाखाने, अनाथालयं ही कामं एके काळी चर्चने केली, त्याबद्दल आदर आहे. आज ती सरकार करतं किंवा स्वयंसेवी संस्था करतात, आणि त्यांच्याकडे हिशोब मागता येतो. मग मोठ्या शहरात ख्रिस्ती मंडळीकडे उरलं काय? रविवारी दोन तास गाणी आणि प्रवचन. एकाकी माणसाला समुपदेशक आहे, भुकेल्याला अन्नछत्र आहे. युरोपात चर्च ओस पडली म्हणून विकली जातायत. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या जुन्या दगडी चर्चमध्ये पुस्तकांचं दुकान आहे, यातच काय ते आलं.

रात्रपाळी:
ही पोस्ट सकाळपासून डोक्यात घोळतेय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मास्ट्रिख्ट. ते डॉमिनिकन चर्च लोकांची श्रद्धा उडाली म्हणून दुकान झालेलं नाही. १७९४ मध्ये फ्रेंच सैन्याने शहर घेतलं आणि त्यानंतर तिथली उपासना थांबली. मग ते कोठार झालं, सायकली ठेवायची जागा झालं. पुस्तकं आली २००६ मध्ये. दोनशे वर्षांपूर्वीची लष्करी घटना तुम्ही आजच्या विश्वासणाऱ्यांच्या माथी मारताय.

आता एकाकी माणसाला समुपदेशक. १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये चॅड वारा नावाच्या तरुण पाळकाने चौदा वर्षांच्या एका मुलीचा दफनविधी केला. तिला पाळी सुरू झाली होती. भयंकर रोग झालाय असं तिला वाटलं, विचारायला कुणी नव्हतं, तिने जीव दिला. १९५३ मध्ये याच पाळकाने लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये खचलेल्या लोकांसाठी फोन सुरू केला. माणसं प्रत्यक्षही यायला लागली. ताटकळणाऱ्यांना चहा द्यायला आणि सोबत बसायला स्वयंसेवक होते. थोड्याच दिवसांत दिसून आलं की बरेच जण त्यांच्याशीच बोलून हलके होतात, पाळकाला भेटायची गरजच उरत नाही. समॅरिटन्स ही खचलेल्यांचं ऐकून घेणारी संस्था उभी राहिली ती अशी. तिथे कुणी शिकलेला तज्ज्ञ नव्हता, ऐकून घेणारी साधी माणसं होती.

आणि समुपदेशकाकडे जायला आधी वेळ घ्यावी लागते. ज्याला तेवढंही त्राण नाही त्याने काय करायचं? मी नव्या शहरात नोकरीला आलो तेव्हा दोन महिन्यांत कावीळ झाली. अकरा दिवस खोलीत पडून होतो. ऑफिसने रजेचा अर्ज मागितला. शेजाऱ्यांना मी आत आहे की गावी गेलोय हेही माहीत नव्हतं. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी माझ्या चर्चच्या मंडळीतले एक निवृत्त गृहस्थ पत्ता शोधत दारात उभे. माझं आडनावही त्यांना नीट येत नव्हतं. म्हणाले, "तिसऱ्या बाकावरची तुमची जागा दोनदा रिकामी दिसली." अशी जागा कुठल्या संस्थेत असते ते सांगा.

सरळ_रेघ:
मास्ट्रिख्टचं माझं चुकलं, मान्य. पण समॅरिटन्स आज कुठल्याही धर्माची संस्था नाही. फोन उचलणारा देवाचं नाव घेत नाही आणि तरी काम उत्तम चालतं. चर्चने सुरू केलं, चर्चशिवाय चाललं. तुम्ही माझाच मुद्दा मांडलात.

रात्रपाळी:
बी पेरणाऱ्याला पिकात वाटा नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?

उंबरठा:
"तुमची जागा रिकामी दिसली" वाचून माझ्याही अंगावर काटा आला, पण कारण वेगळं आहे.

माझ्या मंडळीलाही सगळं दिसत होतं. हातावरचे वळ दिसत होते, भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचे कपडे दिसत होते. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांनी काय केलं? नवऱ्याला आणि मला शेजारी बसवून प्रार्थना केली आणि मला क्षमा करायला सांगितलं. त्याला काही सांगितलं नाही. मुलीला घेऊन मी घर सोडलं, त्या आठवड्यापासून महिला मंडळाचा एकही फोन आला नाही. माझी जागा रिकामी होती हो, सात महिने. कुणी पत्ता शोधत आलं नाही. तो मात्र आजही दानार्पणाची थैली फिरवतो.

हे फक्त माझंच नाही. बॉस्टनमध्ये मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना वरिष्ठ एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये हलवत राहिले. २००२ मध्ये वर्तमानपत्राने छापलं तेव्हा वाचा फुटली. आयर्लंडमध्ये नन्स चालवत त्या मॅग्डालेन धुलाईघरांपैकी शेवटचं १९९६ मध्ये बंद झालं. तिथे राबवलेल्या बायकांची सरकारने माफी मागितली ती २०१३ मध्ये. ओळखीची माणसं आजूबाजूला असली की आपण सुरक्षित असतो, हे मला कुणी सांगू नका.

रात्रपाळी:
ताई, वाचून फार वाईट वाटलं. पण एका मंडळीवरून सगळ्यांना...

उंबरठा:
"पण" लावू नका. माझ्या वडीलजनांचं वाक्यही असंच सुरू व्हायचं. तुमच्या एका काविळीवरून चर्च शहराला हवंच असं ठरतं, आणि माझ्या वाट्याला आलं ते मात्र अपवाद?

जमाखर्च:
मी आमच्या मंडळीचा खजिनदार आहे, माझं दुखणं वेगळं आहे. बाकं. आमच्या उपासनागृहातली बाकं जमिनीला स्क्रूने पक्की केलेली आहेत. शहराच्या मधोमध एवढी मोठी जागा आठवड्यातले सहा दिवस कुलपात. खुर्च्या आणू, म्हणजे इतर दिवशी मुलांची अभ्यासिका चालेल, म्हाताऱ्यांना दुपारी बसता येईल, असं मी सुचवलं. तीन वर्षं झाली, वाद मिटत नाही. सरळ_रेघ यांना चर्च निरुपयोगी वाटतं त्यात नवल काय? आपणच दार लावून बसलोय.

जुनं_लाकूड:
त्या बाकांच्या मधून माझ्या वडिलांची शवपेटी गेली. मी त्याच बाकावर बसून प्रार्थना शिकलो. ते तुम्हाला फर्निचर वाटतं? उपासनागृह म्हणजे बहुउद्देशीय सभागृह नव्हे. शहरात सगळ्या जागा सगळ्या कामाला वापरायच्या झाल्यात, एक तरी जागा फक्त देवासाठी राहू द्या.

जमाखर्च:
फक्त देवासाठी? एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या कितीतरी चर्चमध्ये हीच बाकं भाड्याने दिली जायची. पैसेवाली कुटुंबं पुढे, गरीब मागे नाहीतर कडेला. १८६५ मध्ये विल्यम आणि कॅथरीन बूथ यांनी पूर्व लंडनमध्ये काम सुरू केलं, ज्यातून पुढे मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) झाली, ते तंबूत. ज्यांना त्या बाकांवर जागा नव्हती ती माणसं तिथे आली. तुम्ही लाकडाला पावित्र्य चिकटवताय.

जुनं_लाकूड:
माझ्या वडिलांनी भाडं भरलं नव्हतं. तोंड सांभाळून बोला.

जमाखर्च:
तुमच्या वडिलांबद्दल मी एक शब्द बोललेलो नाही. दार उघडं असलं की काय होतं ते तेव्हाच्या कम्युनिस्ट पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगला विचारा. निकोलाय चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी शांततेसाठी प्रार्थना व्हायची, ज्याला यायचं त्याने यावं. ९ ऑक्टोबर १९८९ ला त्या प्रार्थनेनंतर सुमारे ७०,००० माणसं रस्त्यावर चालली. पोलीस सज्ज होते, गोळी चालली नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत उघडली.

जुनं_लाकूड:
आणि त्या चर्चमध्ये बाकं होती! कुणी अभ्यासिका केली नव्हती त्याची. सात वर्षं लोक प्रार्थनेलाच येत होते, म्हणून त्या दिवशी मेणबत्ती घेऊन चालायची हिंमत आली. उदाहरण तुमचं, उपयोग माझा.

जमाखर्च:
हे मात्र खरं. बाकं होती. बाकी मुद्दा सोडत नाही.

बारा_पावलं:
बाक की खुर्ची यावर तुम्ही एवढं भांडताय, म्हणून पहिल्यांदाच लिहितोय. मी चार वर्षं पाच महिने दारू प्यायलेलो नाही. १९३५ मध्ये अमेरिकेत ॲक्रनच्या हॉटेलात बिल विल्सन, माझ्यासारखाच दारू सोडलेला, एकटा उभा होता. लॉबीच्या एका टोकाला बार, दुसऱ्या टोकाला शहरातल्या चर्चची यादी. त्याने यादीतल्या एका पाळकाला फोन केला. त्या फोनमधून पुढे डॉ. बॉब हा दुसरा दारुडा भेटला आणि दारू सोडू पाहणाऱ्यांची अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू झाली.

त्याच संघटनेची आमची सभा एका चर्चच्या तळघरात भरते. मी विश्वासणारा नाही. पाळकसाहेबांनी कधी विचारलं नाही, वर उपासनेला या असं म्हटलं नाही. आम्ही थोडं भाडं देतो, फुकट घ्यायचं नाही असा आमचा नियम आहे. आता ती इमारत विकायचं चाललंय. सरळ_रेघ, रात्री साडेनऊला पंधरा दारुड्यांना खोली देणारी दुसरी जागा तुम्ही शोधून द्या. मी तीन महिने शोधतोय. एका संस्थेने नोंदणी क्रमांक मागितला, दुसरीने सगळ्यांची नावं. आमच्यात नावं देत नाहीत.

सरळ_रेघ:
माझ्याकडे अशी जागा नाही. "उरलं काय" हे मी घाईने लिहिलं, एवढं मागे घेतो. पण हिशोब मागता आला पाहिजे, हे सोडणार नाही. उंबरठा ताईंना अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. सगळे बाकांच्या मागे लागले.

रात्रपाळी:
बरोबर आहे, मीच पहिला. ताई, मी "पण" लावला, चुकलो. ते गृहस्थ माझ्या दारात आले म्हणून मला वाटायचं मंडळी अशीच असते. तुमची जागा रिकामी दिसूनही कुणी आलं नाही, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तुम्ही सोडून का नाही दिलंत हे सगळं?

उंबरठा:
सोडलं कुठे? दुसऱ्या मंडळीत जाते, मागच्या दाराजवळ बसते. मुलीला तिथलं गाणं आवडतं. विश्वास माझा आहे, तो मी वडीलजनांना देऊन आलेले नाही. मला एवढंच हवंय की घरात मार खाणाऱ्या बाईने कुणाकडे जायचं त्या माणसाचं नाव आणि नंबर दारावर लिहिलेला असावा. अजून कुठे पाहिला नाही.

रात्रपाळी:
शनिवारी आमची वार्षिक सभा आहे. हा विषय मी मांडतो. नाव महिला मंडळातल्या कुणाचं द्यावं का?

उंबरठा:
नाही. मंडळीबाहेरच्या बाईचं द्या.