जुन्या पुस्तकांत ‘राजीनामा’ कोणत्या अर्थाने येतो, हे शोधायचं कसं?

गोदाकाठ (नाशिक):

नमस्कार मंडळी. ‘राजीनामा’ म्हटलं की आज नोकरी किंवा पद सोडल्याचं पत्र डोळ्यांसमोर येतं. पण शब्दाची फोड राजी + नामा, म्हणजे संमतीचा कागद. जमिनीच्या जुन्या दप्तरांत तर तो आणखी वेगळ्याच कामाला येतो. १८५० ते १९५० या शंभर वर्षांतल्या छापील मराठीत कोणता अर्थ कधी चालत होता, याचा दशकवार तक्ता करायचा आहे. गूगलच्या एनग्रॅममध्ये (छापील पुस्तकांत शब्द किती वेळा येतो ते दाखवणारं साधन) मराठी नाही. इंटरनेट आर्काइव्हवर (जुन्या पुस्तकांचं ऑनलाइन ग्रंथालय) शब्द टाकला तर जुन्या पुस्तकांतून जवळजवळ काहीच हाती लागत नाही. सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) बसून पानं चाळायची तयारी आहे, पण आधी घरबसल्या काय काय करता येईल?

खिळेजुळारी:

जुन्या पुस्तकांतून काही येत नाही याचा अर्थ शब्द तिथे नाही असा नव्हे, तिथे मजकूरच नाही. आर्काइव्हवरची बरीच मराठी पुस्तकं चढवली गेली तेव्हा त्यांच्या यंत्रणेला देवनागरी वाचता येत नव्हती, त्यामुळे ती नुसती चित्रं आहेत. पुस्तक डाउनलोड करून टेसरॅक्टमधून (पानाच्या चित्रातला मजकूर वाचून काढणारी संगणकप्रणाली) मजकूर स्वतः काढा. पानं ३०० डीपीआयची आणि करड्या छटेत ठेवा. भाषा मराठीच निवडा. हिंदी निवडलीत तर ‘ळ’ आणि ‘र्‍या’ची वाट लागते. एका रकान्याचं पान असेल तर ‘सलग एकच ठोकळा’ हा पर्याय घ्या. वर्तमानपत्राचे रकाने मात्र आधी कापून वेगळे करा, नाहीतर दोन रकान्यांच्या ओळी एकमेकींत मिसळतात.

आता शोधायचं काय, तर अख्खा शब्द नाही. छापखान्याच्या जुन्या खिळ्यांत यंत्राकडून म आणि भ, घ आणि ध, ब आणि व यांची गल्लत ठरलेली. ‘जी’चा ‘जौ’ किंवा ‘जो’ होतो. शिवाय विभक्ती लागली की राजीनाम्यास, राजीनाम्याचा, राजीनामे. म्हणून ‘राजीना’ एवढाच तुकडा शोधा. मग ‘राजिना’, ‘राझीना’, ‘राजौना’, ‘राजोना’ हे वेगळे. ओळीच्या शेवटी शब्द तुटलेला असतो, कधी मधे आडवी रेघ असते, कधी तीही नसते. त्यासाठी मजकुरातल्या ओळी जोडून पुन्हा एकदा शोध फिरवा.

शब्दसमूह शोधायचा असेल तर पंचाईत जास्त. ‘राजीनामा देणे’ टाकाल, पुस्तकात ‘देणें’ असेल. पेशवाईच्या वळणाच्या कागदात ‘लिहून दिल्हा’ असतं, ‘दिला’ नसतं. ‘अधिकाऱ्याने राजीनामा’मधला ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. दिसायला दोन्ही सारखेच, पण साध्या शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. त्यात यंत्र कधीकधी ‘र्या’ करून ठेवतं, तो तिसरा. फार लांब कशाला, नुसतं ‘नाशिक’ टाकून बसलात तर ‘नासिक’ छापलेली सगळी पुस्तकं हुकली.

मोजणी सुरू करण्याआधी कुठल्याही दोन पानांवरचे २०० शब्द मूळ चित्राशी ताडून बघा. २० पेक्षा जास्त चुकीचे निघाले तर त्या पुस्तकातली उदाहरणं खुशाल घ्या, आकडा घेऊ नका.

रुमाल_सोडवणारा:

वरचं सगळं बरोबर, पण सुरुवात शोधापासून नको, कोशांपासून करा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दुसरी आहे, तेव्हा तिथला अर्थ १८३१ चा म्हणून नोंदवू नका. उलट बाजूने कँडीचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश घ्या आणि ‘रेझिग्नेशन’खाली तेव्हा कोणते मराठी शब्द दिलेत ते पाहा. माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा फार्शी-मराठी कोश या शब्दासाठी हवाच. दाते-कर्वेंच्या महाराष्ट्र शब्दकोशात ‘राजीनामा’ स्वतंत्र मिळाला नाही तर ‘राजी’खाली शून्याची खूण करून दिलेले समास बघा. त्या कोशाचा खरा उपयोग अर्थापुढच्या संक्षेपांत आहे. अर्थ कोणत्या ग्रंथावरून घेतला ते तिथे असतं, संक्षेपांची यादी पहिल्या खंडात.

अर्थांबद्दल. मुंबई इलाख्यातली सर्व्हेची (जमीन मोजून सारा ठरवण्याची) पद्धत १८३६ साली इंदापुराकडे सुरू झाली आणि पुढे आपल्या जिल्ह्यातही आली. त्या व्यवहारात रयत जमिनीवरचा हक्क सोडताना राजीनामा लिहून देई आणि नवा खातेदार कबुलायत, म्हणजे जमीन कबूल केल्याचा कागद. म्हणून ‘राजीनामा-कबुलायत’ अशी जोडीच सापडते. कोर्टाच्या भाषेत तडजोड झाली, आता तक्रार नाही, असा कागदही राजीनामाच. संमती, मग हक्क सोडणं, मग पद सोडणं, असा उतार मला दिसतो. पण तिन्ही अर्थ बराच काळ शेजारी शेजारी नांदले असणार. ‘अमुक साली अर्थ बदलला’ असं तक्त्यातून काढू नका.

तारखांचा घोळ सगळ्यात वाईट. सूचीत ‘१८४५’ दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. तो शक असेल तर पुस्तक १९२३-२४ चं. शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या मजकुराला ७९. आतल्या पानावर ‘शके’ आहे का ते डोळ्यांनी बघा. ‘१८४५’च्या पुस्तकात आगगाडी मुंबईहून ठाण्याला निघाली असेल तर प्रश्न तिथेच मिटला, ती गाडी १८५३ ची. पेशवाईच्या कागदपत्रांत सुहूर सन (मृगापासून सुरू होणारी जुनी कालगणना) असतो, त्यात ५९९ मिळवा, जानेवारी ते मृग ६००.

राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’सारख्या जुन्या पत्रांच्या संग्रहांत आणखी एक मेख आहे. पत्र १७६० चं असेल, पण त्यावरचं शीर्षक आणि टीप संपादकाची, १८९८ नंतरची. शीर्षकात ‘राजीनामा’ आला तर तो अठराव्या शतकाच्या खात्यावर मांडायचा नाही.

लाखातएक:

मोजणीचं मी सांगतो. कच्चा आकडा निरुपयोगी, दर लाख शब्दांमागे काढा. पुस्तकातले शब्द मोजत बसू नका. ओळीत सरासरी ९ शब्द, पानात २८ ओळी, २०० पानं, म्हणजे ५०,४०० शब्द. त्यात ६ वेळा आला तर लाखाला साधारण १२.

प्रत्येक उदाहरणाच्या मागचे-पुढचे दहा-दहा शब्द उतरवा, अर्थ तेच ठरवतात. खाते, सर्व्हे नंबर, कबुलायत, लिहून देणे आलं तर जमीन. वादी, दावा, तडजोड म्हणजे कोर्ट. जागा, हुद्दा, मंजूर, नामंजूर म्हणजे पद. ‘संसाराला राजीनामा’ अशा लाक्षणिक वापराला चौथा रकाना. कुठेच बसेना, तर ‘संदिग्ध’ म्हणून सोडा. ओढूनताणून बसवलेली उदाहरणंच पुढे तक्ता बिघडवतात.

पुस्तकांची निवड मात्र सांभाळा. १८७० च्या दशकासाठी कायद्याची भाषांतरं आणि १९२० साठी कादंबऱ्या घेतल्यात तर जमिनीचा अर्थ ‘मेला’ असं दिसेल, प्रत्यक्षात तुमची पुस्तकं बदललेली असतील. दर दशकाला कायदा-जमाबंदी, नियतकालिक आणि ललित अशी तिन्ही घ्या, शब्दसंख्या शक्यतो सारखी. नियतकालिकांत ज्ञानोदय १८४२ पासून, ज्ञानप्रकाश १८४९ पासून, केसरी १८८१ पासून. आणि १९३९ च्या अखेरचे अंक जपून: प्रांतोप्रांतीच्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी तेव्हा राजीनामे दिले. तेवढे दोन महिने धरले तर सगळं दशक फुगतं.

गोदाकाठ:

फार उपयोगी, मंडळी. एक शंका: १८९० च्या एका पुस्तकाची पीडीएफ मिळाली आहे, पण आत ‘नाही’, ‘त्याने’, ‘गाव’ असं स्वच्छ छापलंय. चालेल का?

खिळेजुळारी:

ती नव्याने जुळवलेली आवृत्ती आहे. मूळ असतं तर ‘नाहीं’, ‘त्यानें’, ‘गांव’ दिसलं असतं. न उच्चारले जाणारे अनुस्वार साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी गेले, त्यामुळे बहुधा त्यानंतरची. शब्द तेच राहिले असतील तर मोजणीला चालेल, पण संपादकाने वाक्यं ‘सोपी’ केली आहेत का हे तपासल्याशिवाय नको. सावानात मूळ प्रत निघाली तर दोन्हींतली तीच पाच पानं समोरासमोर ठेवून वाचा.

रुमाल_सोडवणारा:

सावाना १८४० चं आहे, जुना साठा मागून बघाच. फोटो काढायचे तर आधी परवानगी घ्या. तडकलेल्या कागदाचं पुस्तक पूर्ण उलगडून दाबू नका, अर्धवट उघडून एकेका पानाचा फोटो घ्या. शिवणीकडची ओळ वाकडी येते आणि यंत्र नेमकं तिथेच चुकतं, ते शब्द हाताने दुरुस्त करा. प्रत्येक चिठ्ठीवर आवृत्ती, आतल्या पानावरचं साल जसं छापलंय तसं आणि पान क्रमांक लिहा. शकाचं इसवी सन घरी आल्यावर करा.

गोदाकाठ:

बरं, मग आधी जमाबंदीची पुस्तकं मागवतो. ‘कबुलायत’ही सोबतच मोजू का?

लाखातएक:

मोजा. जोडीने येतो तिथे जमिनीचा अर्थ वेगळा तपासावा लागत नाही. फक्त ‘कबुलायत’ आणि ‘कबुलात’ दोन्ही रूपं शोधा.