प्रतिपिंडांवरील प्रारणाचा परिणाम तपासताना तुलनेचे नमुने कसे ठेवावेत?

नमस्कार. मी सोलापुरातील एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. एम.एस्सी.च्या माझ्या दोन विद्यार्थिनींनी प्रकल्पासाठी घेतलेल्या विषयाबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

मंगळावर जीवसृष्टीच्या खुणा शोधण्यासाठी प्रतिपिंडांचे (ठरावीक रेणू ओळखून त्याला चिकटणाऱ्या प्रथिनांचे) ठिपके बसवलेली बायोचिप पाठवावी, या विचारातून स्पेनमध्ये ‘सॉलिड’ हे उपकरण विकसित झाले आहे. मातीच्या अर्कातला नेमका रेणू प्रतिपिंडाने पकडला, की चमकद्रव्यामुळे तो ठिपका उजळतो. मात्र प्रवासात वैश्विक किरण झेलल्यानंतरही प्रतिपिंडांची ही ओळख शाबूत राहते का, हा आमचा प्रश्न आहे.

क्युरिऑसिटी यानावरील मापकाने प्रवासात दिवसाला सुमारे 0.48 मिलिग्रे आणि मंगळाच्या पृष्ठभागावर सुमारे 0.21 मिलिग्रे मात्रा नोंदवली (ग्रे हे शोषलेल्या प्रारणाचे एकक). त्या हिशेबाने 253 दिवसांचा प्रवास आणि तिथे पृथ्वीवरच्या एका वर्षाइतका मुक्काम धरला, तरी एकूण मात्रा 0.2 ग्रेच्या आसपासच येते. कोरडी प्रथिने निकामी व्हायला हजारो ग्रे लागतात. वैद्यकीय साहित्याच्या निर्जंतुकीकरणासाठीच 25 किलोग्रे दिले जातात. असे असूनही केवळ या बेरजेवर विसंबणे मला पटत नाही, कारण वैश्विक किरणांत जड अणुकेंद्रे जेमतेम एक टक्का असली, तरी त्यांची ऊर्जा वाटेतल्या अगदी अरुंद पट्ट्यात साठते आणि कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांनी तो परिणाम साधता येत नाही. शिवाय द्रावणात पाण्याच्या विघटनातून निघणारे मुक्त मूलक प्रथिनांवर हल्ला करतात, म्हणून द्रावणातले आणि फ्रीझ-ड्राय केलेले (गोठवून सुकवलेले) असे दोन्ही नमुने घ्यायचे ठरवले आहे.

खरी अडचण पुढेच आहे. गॅमा किरणांसाठी नमुने मुंबईला न्यावे लागतील आणि एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशीच्या वर असतो. नुसत्या साठवणुकीच्या चाचणीतच एका कुपीतला पांढरा, भुसभुशीत थर एका कडेने आकसून चिकट झालेला आढळला. रबरी बुचातून दमट हवा शिरली असावी. एलायझात (प्रतिपिंडाने आपला रेणू पकडला का, हे पाहणाऱ्या चाचणीत) चमक कमी दिसली, तर दोष प्रारणाचा, उष्णतेचा की ओलाव्याचा, हे कसे ठरवायचे?

सध्या तीन संच योजले आहेत: एक इथल्या फ्रीजमध्ये राहील, दुसरा मुंबईला जाऊन प्रारण न घेता परत येईल आणि तिसरा प्रारण घेऊन येईल. एवढे पुरेसे आहे का? की चमकद्रव्य स्वतःच मंदावल्याची शंका दूर करण्यासाठी ते लावलेल्या आणि न लावलेल्या प्रतिपिंडांचे संच वेगळे करावेत? माझा कल याच बाजूला आहे, पण कुप्यांची संख्या दुप्पट होईल. ट्रेहॅलोज (सुकवताना प्रथिने जपणारी साखर) मिसळून सुकवलेल्या प्रतिपिंडांचा कोणाला अनुभव असल्यास प्रमाण कृपया सांगावे. तसेच दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये जड आयनांच्या झोताखाली कोणी प्रथिनांचे नमुने ठेवले असतील, तर ते कोणत्या स्वरूपात न्यावे लागतात, हेही जाणून घ्यायचे आहे.